गुंगीचं औषध

अण्णा, लातूरला आपला दवाखाना सुरू झाला. ‘आपला’ हे सवयीनं लिहिलं. तो माझा आहे, कुत्र्या-मांजरांचा. तुम्ही ज्या सरकारी दवाखान्यात जनावरांचे मोठे डॉक्टर होतात, तिथून फार लांब नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिल्या दिवशी शटर वर करताना वाटलं, तुम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे असाल आणि मोठ्यानं काहीतरी बोलाल.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता तेव्हाची गोष्ट. कचेऱ्यांच्या पाट्यांवर ताजा रंग होता आणि नळाला पाणी नव्हतं. तुम्ही पहाटे दुष्काळातल्या जनावरांच्या छावणीवर जायचात आणि परत यायचात ते शर्टाला शेणाचा आणि मेलेल्या बैलांचा वास घेऊन. आई पाणी मोजून द्यायची, त्यातला अर्धा तांब्या मी माझ्या कुत्र्यासाठी वाचवायचे. तांबूस रंगाचं, क्वार्टरच्या मागं सापडलेलं पिल्लू होतं ते, तोवर चांगलं मोठं झालेलं. एका जीपखाली त्याची मागची तंगडी मोडली, आणि मी त्याला ओढणीत गुंडाळून तुमच्याकडे आणलं. बाप डॉक्टर आहे म्हणून मी रडतसुद्धा नव्हते. तुम्ही पायाला हात लावून बघितलंत आणि म्हणालात, “छावणीत बैल मरायलेत अन् मी कुत्र्याला पलस्तर करू?” मी म्हणाले, मग तसंच राहू द्या, लंगडत चालेल. तुम्ही सुई भरायला घेतलीत. कंपाउंडर म्हणाले, “साहेब, आधी गुंगीचं देऊ का?” तुम्ही म्हणालात, “ते बैलांसाठी हाय.” मग माझ्याकडे वळलात. “तोंड धर त्याचं. तुला चावायचं न्हाई ते.”

मी धरते. ते माझं मनगट चाटतं, कारण त्याला वाटतं मी त्याला सोडवायला आलेय. सुई आत जाते. ते निपचित पडतं, पण डोळे माझ्यावरच असतात, आणि तुम्ही नळाखाली हात धरता, नळ कोरडा असतो, तेव्हा हात पँटीला पुसता. पुढं परभणीला शिकताना एका तासाला सरांनी जनावर मारायचं ते औषध समजावून सांगितलं. आधी गुंगी दिली नाही तर जनावराला हलता येत नाही, एवढंच; शुद्ध शेवटपर्यंत असते. मी वर्गातून उठून बाहेर गेले. हे तुम्ही तुमच्या काळात शिकला होतात, अण्णा. तुम्हाला माहीत होतं.

सरकारी नोकरी सोडून मी नांदेडला भाड्याच्या गाळ्यात दवाखाना काढला, तेव्हा तुम्ही रिटायर झाला होतात. तोवर तिथं लोक कुत्रं आजारी पडलं की बैलांच्या रांगेत उभे राहायचे, आणि मांजर तर कुणी आणतच नसे. मी मांजरांसाठी वेगळी खोली केली. मुखेडला बाजाराच्या दिवशी दवाखान्याची गाडी पाठवायला लागले. माझ्याकडच्या नव्या डॉक्टरांना आठवड्याला एक सुट्टी ठरवून दिली, तर बाकीचे डॉक्टर हसले. तुम्ही हसला नाहीत. “माझ्या बापानं मेलेली ढोरं वढायचं सोडलं,” तुम्ही म्हणालात, “म्हणून मी जित्या ढोरांचा डॉक्टर झालो. अन् तू कुत्र्याचे केस कापायलीस?”

एकदाच आलात तुम्ही बघायला. त्या दुपारी घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा आपली मांजर घेऊन बसले होते. तिची किडनी गेली होती. “डॉक्टरबाई, तिला तकलीफ होऊ देऊ नका, बस्स,” ते म्हणाले. मी आधी गुंगीचं दिलं, ती त्यांच्या मांडीवर झोपली, घोरायला लागली, मग दुसरं दिलं. तुम्ही दारात उभे राहून सगळं बघितलंत. मग म्हणालात, “मांजरासाठी एवढा तमाशा?” चाचा उठून उभे राहिले, तुमच्या वयाचा मान ठेवून. “माझ्या बेगमची होती, साहेब. ती गेल्यापासून आम्ही दोघंच होतो.” तुम्ही म्हणालात, “मग दुसरी आणा. गल्लीत फुकट मिळतात.” चाचांनी मांजर टॉवेलमध्ये गुंडाळली, मला सलाम केला आणि गेले. त्यांच्या दुकानावरून जायला लागू नये म्हणून मी कितीतरी दिवस लांबच्या रस्त्यानं जायचे.

मग तुमच्या पोटात कॅन्सर निघाला. नांदेडला तुम्हाला ठेवलं त्या दवाखान्यात दुखणं थांबवायला त्यांच्याकडे जे होतं ते पुरत नव्हतं. मी डॉक्टरांशी भांडले, हैदराबादला फोन लावले, काही उपयोग झाला नाही. एका दुपारी आई डबा धुवायला गेली, तेव्हा तुम्ही माझं मनगट पकडलंत. “ते मांजराला दिलतंस ना तू... झोपली होती बघ. तसलं काई हाय का?”

“माणसाला देता येत न्हाई, अण्णा.”

तुम्ही माझं मनगट सोडलंत. “म्हंजे मांजराचं बरं,” म्हणालात.

एक डॉक्टर म्हणून तुम्ही मला विचारलेला हा एकमेव प्रश्न. त्यानंतरही दुखणं चालूच राहिलं, आणि मी शेजारी बसून होते. काय द्यायला हवं, किती द्यायला हवं, सगळं मला ठाऊक होतं.

परवा माझ्याकडची एक तरुण डॉक्टर एकाच दिवशी तीन जनावरांना निरोप देऊन मागच्या पायरीवर बसली होती. मी तिला घरी पाठवलं, म्हणाले उद्याही येऊ नकोस. छावणीत तुम्हाला असं कुणी घरी पाठवलं नव्हतं, हे मला कळतं. पण कळतं म्हणून काही ते कुत्रं मी विसरलेले नाही.

आई आता माझ्याजवळच असते. शेजारच्या खोलीतून विचारतेय, एवढं काय लिहायलीस. औषधांची ऑर्डर, असं सांगितलंय. लातूरच्या दवाखान्याला तुमचं नाव द्यावं असा तिचा फार हट्ट होता. नातेवाईकांना सांगूनही टाकलं होतं तिनं. मी म्हणाले, आई, परवान्यात बसत नाही, मेलेल्या माणसाचं नाव देता येत नाही. तिला ते पटलं. असा काही नियम नाही, अण्णा.