एकेचाळीस घरांची यादी

गुरुवार, १७ ऑक्टोबर २०१३

प्रिय व्हर्ना,

तू ॲरिझोनाहून सुखरूप पोचलीस, बरं वाटलं. इकडची थंडी आता तुला सोसत नसेल. आमच्याकडे सगळं ठीक. बीटची काढणी जोरात आहे, ट्रक रस्ताभर चिखल सांडत जातात, गाडी आज धुतली की उद्या पुन्हा तशीच. रविवारी चर्चच्या तळघरात तुझ्याशी धड बोलले नाही, भांडी विसळायच्या निमित्ताने आत सटकले. डोकं दुखतंय म्हणाले होते. दुखत नव्हतं.

ओर्लिन घरी आला हे फार चांगलं झालं. तुझ्या भावाला इस्पितळाचं जेवण अजिबात मानवत नव्हतं. मला माहीत आहे, कारण मी भेटायला गेले होते. त्याचं पुढे सांगते.

आधी ऑफिसचं. तू आपल्या वीज सोसायटीसाठी संगणकावर केलेले फॉर्म अजून चालतात. म्हणजे, चालत होते. सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी सगळ्या संगणकांवर अपडेट आलं आणि सभासदांचा फॉर्म उघडेनासा झाला. कुठलंही बटण दाबलं तरी एकच पाटी, की जोडलेली एक फाइल सापडत नाही. फोन खणखणत होते, नव्या जोडण्या अडल्या होत्या, आणि आपला मॅनेजर लाइल माझ्या खुर्चीमागे येऊन उभा.

"मार्लिस, फार्गोच्या त्या संगणकवाल्याला बोलावू का?"

"कशाला? वीस वर्षं व्हर्नाच्या शेजारी बसलेय मी."

निवृत्त होताना तू म्हणाली होतीस, "आठवडाभर माझ्याजवळ बस, आत काय काय आहे ते दाखवते." मी हसून म्हणाले, "मला भरता येतो तेवढं पुरे आहे." त्यावरून तू जी फुगलीस ती नाताळचं कार्डसुद्धा नाही! मग आता फार्गोचा माणूस बोलवायचा म्हणजे तुझंच खरं होतं हे चारचौघांत कबूल करायचं. ते मला जमेना.

दोन दिवस चाचपडत होते. शेवटी आत कुठेतरी जोडलेल्या फाइलींची एक यादी सापडली, नावांपुढे बरोबरच्या खुणा, आणि एका नावाआधी लिहिलेलं की ही हरवली आहे. मी तिची खूण काढून टाकली. फॉर्म उघडला! लाइलने डोनट आणले. तारा ओढणारा डेल चिखलाच्या बुटांनिशी आत आला आणि म्हणाला, "आता पगार वाढवून माग, म्हणजे मागोमाग आम्हालाही मागता येईल." मी तीन डोनट खाल्ले, व्हर्ना. इतकी खूष होते.

लाल पट्टीकडे मी बघितलंच नाही.

ज्या घरी प्राणवायूचं यंत्र चालतं तिथल्या नावावर तू लावलेली ती पट्टी. पट्टी दिसली की आधी त्या घरी फोन, नंतर तारेला हात. डॉक्टरच्या कागदाची मुदत शिल्लक आहे की नाही हे फॉर्म आपलं आपण मोजायचा. ते मोजणं त्याच हरवलेल्या फाइलवर चालत होतं, आणि कुठे अडलं तर काही न बोलता पुढे जा, असं तू त्याला सांगून ठेवलं होतंस. पाट्या दिसल्या की काउंटरवर आम्ही घाबरून तुला हाका मारायचो, म्हणून. त्यात तुझी काही चूक नाही. फॉर्म दिसायला अगदी पूर्वीसारखा होता, फक्त पट्टी एकाही घरावर उमटत नव्हती.

दोन ऑक्टोबरला तुमच्या रस्त्यावरचे खांब बदलायचे होते. आदल्या दिवशी यादी मी काढली. एकेचाळीस घरं, आणि लाल एकही नाही. मला खटकलं, खरंच खटकलं. हातात कागद धरून मी उभी राहिले आणि वाटलं, विचारावं कुणाला तरी. मग वाटलं, विचारलं तर लाइल फार्गोला फोन लावेल. डेल दारातून ओरडला, "आहे का कुणी फोन करण्यासारखं?" मी म्हणाले, "नाही."

आठ वाजता वीज गेली आणि ओर्लिनचं यंत्र थांबलं. अकराला टपालवाल्याला ओर्लिन पायरीवर बसलेला सापडला, ओठ निळे पडलेले. बाकी तुला माहीत आहे.

नाही, तुला माहीत नाही. त्याच दुपारी मी ऑफिसातलं कागदांचं कपाट उघडलं. ओर्लिनचा डॉक्टरचा कागद जागेवर होता, ऑगस्टचा, वर्षभर चालेल असा, वर माझ्या हातचा शिक्का. लाइल बाहेरून म्हणाला, "म्हाताऱ्याने कागद पाठवला नसणार." मी कागद पर्समध्ये टाकला आणि म्हणाले, "नसेल पाठवला." दुसऱ्या दिवशी लवकर येऊन पट्टी कशीबशी पुन्हा चालू केली. लाइलने अहवालात लिहिलं, सभासदाने मुदत वाढवली नाही. तेव्हापासून फोन मी तीनदा वाजल्याशिवाय उचलत नाही. पोलिसांची गाडी नुसती पेट्रोल भरायला थांबली तरी मी खिडकीपासून मागे सरकते.

ओर्लिनला भेटायला गेले ते तो काय म्हणतो हे ऐकायला. त्याने माझा हात धरला. म्हणाला, "मार्लिस, माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना केवढा त्रास! पाठवल्यासारखा वाटतो गं मला तो कागद. पण व्हर्ना म्हणते नाही पाठवला, म्हणजे नसेलच. आताशा डोक्याचा भरवसा नाही." आणि मी, व्हर्ना, मी त्याची उशी नीट केली आणि निघून आले.

मी कदाचित अजूनही गप्पच राहिले असते. पण रविवारी कॉफी ओतताना तू म्हणालीस, "ज्याला एक कागद पाठवायचं भान नाही, त्याला शेतावर एकटं कसं ठेवू? पुढच्या सोमवारी वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही करायची आहे. तोही हो म्हणालाय." तो हो म्हणाला, कारण त्याला वाटतं की त्याचं डोकं चाललं नाही.

त्याचं डोकं शाबूत आहे. तो विसरला नव्हता. कागद सोबत ठेवला आहे, शिक्का बघ.

लाइलला उद्या सकाळी सांगेन. नोकरी जाईल. त्याहून पुढे काय होईल याचा विचार करायला लागले की श्वास पुरत नाही, आणि मग ओर्लिन पायरीवर कसा बसला असेल ते डोळ्यांपुढे येतं. माफी मागत नाही, तेवढं तोंड मला उरलेलं नाही. पण सही करू नकोस. आणि हे त्याला आधी सांग, मला काय बोलायचं ते नंतर बोल.

पत्र दाराच्या फटीतून आत सरकवते आहे. मी तुमच्या अंगणात गाडीत बसले आहे, इंजिन बंद करून. तू बाहेर येईपर्यंत जाणार नाही.

तुझी भीती वाटत असलेली,
मार्लिस