मोठ्यानं लावलेलं कीर्तन

अहो, जरा बसून वाचा, एक आख्यान सांगते. पूर्वरंगाला वेळ नाही.

एक इंजिनिअर होता. इथं आखातात, फुटबॉल वर्ल्ड कपच्या स्टेडियमच्या बांधकामावर त्याच्या डोळ्यांदेखत एक मजूर वरून पडला आणि डोकं फुटून गेला. त्या दिवसापासून हा घरात हात चालवू लागला. कधी कुकर भिंतीवर, कधी बायकोचं डोकं दारावर. बायको भाविक. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून मोबाइलवर कीर्तन मोठ्यानं लावायची, टाळ-मृदंगात मार बुडून जायचा. परवा त्यानं तिचा गळा आवळला. आज हेल्थ सेंटरमध्ये ती म्हणाली, बाथरूममध्ये घसरले. रहमान डॉक्टर म्हणाले, "बहन, बाथरूम के हाथ नहीं होते." मग तिनं सगळं सांगितलं.

तो इंजिनिअर तुम्ही. माझा तुमच्यावर जीव आहे, पण तो जायच्या आत निघाले. आपल्या छोट्या कैवल्यला घेऊन अबू हमूर भागात रिफतभाभीच्या घरी आहे. तिथं येऊ नका.

सायकॉलॉजिस्टकडे जायला रहमान डॉक्टर चिठ्ठी देतील. हेल्थ कार्डावर बहुतेक खर्च सरकारच उचलतं. पण तुम्हाला स्वतः तपासल्याशिवाय चिठ्ठी मिळत नाही. उद्या दुपारी चारची त्यांची वेळ घेतलीय. "मी काय वेडा आहे?" असं तिथं ओरडू नका. डॉक्टर सांगतील तेव्हाच आम्ही परत येऊ. आमटी फ्रिजमध्ये आहे.

त्या मजुराला तुम्ही झोपेत हाका मारता. धनबहादूर. उद्या डॉक्टरांसमोर, जागेपणी, एकदा त्याची आठवण काढा.

आसावरी