कपाटावरचा तबला

बडोदे, मंगळवार, जून १९९५

ऑफिसातले ड्रॉइंग बोर्ड आज हलवले. आता कॉम्प्युटर येणार. साहेबांनी विचारलं, "कुलकर्णीभाई, ड्रॉइंग सिवाय बीजुं शुं फावशे?" दुसरं काय जमेल? शिक्षण संपल्यापासून पंपांची ड्रॉइंग शाईनं काढतोय. चुकलेली रेघ ब्लेडनं अशी खरवडतो की डागही दिसत नाही. बस, तेवढंच. शेजारच्या बोर्डावरचा पंड्या ड्रॉइंग करायचा, स्टोअर बघायचा, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा. कशातच धड नाही म्हणून आम्ही त्याला हसायचो. त्याला लगेच पर्चेसमध्ये घेतलं. वाईट वाटायला हवं होतं ना? काहीच वाटलं नाही.

घरी आलो तर कळलं, आमच्या रुचाच्या ट्यूशनचे सर म्हणालेत, आता नववी, फक्त गणित आणि सायन्स, तबला बंद. हिचंही तेच म्हणणं. "बाबा, तुम्ही सांगा," पोरगी म्हणाली. मी "बघू" म्हणालो. बीजुं शुं?

जेवून उठलो तेव्हा तबला-डग्गा कपाटावर चढलेले. रुचानंच ठेवले असणार. मी स्टूल घेतलं, दोन्ही खाली उतरवले, तिच्या टेबलावरची गाइडं सरकवून तिथे ठेवले. ही बघत होती.

रेघा खरवडायचं ते ब्लेड अजून शर्टाच्या खिशातच आहे.