उजव्या सीटवरचं उत्तर

३० नोव्हेंबर, रविवार

आज मुक्काम हलवला. मखमलाबादची गुलाबाची शेडं धाकट्या भावावर, महेशवर, सोपवली आणि पेठ रस्त्याच्या आत धरणाकाठी आलो. एक खोली, एक पत्र्याचं हँगर, छोटी खासगी धावपट्टी आणि समोर नुसतं पाणी. विमान परवाच आलंय. पांढरं, दोन सीटचं, पोट होडीसारखं; जमिनीवरून उडतं आणि पाण्यावरही उतरतं. गावात म्हणतात, मन्याची जमीन रस्त्यात गेली आणि डोकं हवेत गेलं. म्हणू देत. लायसन्स काढायला छायाच, माझी बायको, मागे लागली होती. विमानाचा रंग तिने निवडला, उजवी सीट आपली म्हणून सांगून ठेवली. विमान आलं तेव्हा तिला जाऊन दहा महिने झाले होते.

लायसन्स हातात आहे; पाण्यावर उतरणं शिकवायला धनराज सर आहेत, हवाई दलातून निवृत्त, बागलाणकडचे. त्यांचा पहिला नियम: पाण्यावर उतरलं की इंजिन बंद करून तिथेच बसून लिहायचं. काठावर आला की माणूस स्वतःच्या चुका विसरतो म्हणे. म्हणून ही वही.

जेवण भागीबाईकडे. मी नागलीची चौथी भाकरी मागितली तेव्हा तिने विचारलं, दादा, येवढं वजन घेऊन उडंल का ते. खूप दिवसांनी हसलो.

३ डिसेंबर

आज पाण्यावर पाच वेळा उतरलो. सरांनी सांगितलं ते असं: जमिनीवर उतरताना चाकं खाली, पाण्यावर उतरताना चाकं वर. विसरलात आणि चाकं खाली राहिली, तर पाणी ती धरून ठेवतं आणि विमान उलटं होतं. आपण पट्ट्यात उलटे लटकलेले, पाण्याखाली. बहुतेक जाणकार माणसंच अशी जातात, कारण त्यांना आपण पाहिलंय असं वाटत असतं.

म्हणून डावीकडच्याने मोठ्याने विचारायचं, चाकं? उजवीकडच्याने पंखाखालच्या आरशात बघायचं आणि मगच म्हणायचं, पाहिलं, वर आहेत. मी एकदा घाईत स्वतःच बोलून मोकळा झालो तर सरांची अहिराणी बाहेर आली. हाई पाणी शे, तुमचं शेततळं नाही, म्हणाले.

शेततळं म्हटल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून विचारलं, चाकं? त्यांना माहीत नव्हतं.

७ डिसेंबर

आजचा धडा पंख्याचा. तो पाठीमागे, डोक्याच्या वर आहे. त्यात काही अडकलं तर हात लावण्याआधी चावी बंद करून काढायची आणि खिशात घालायची. चावी चालू राहिली आणि कुणी पाती हाताने फिरवली तर इंजिन एक झटका घेतं. तेवढा पुरतो. इथेही तेच: एकाने विचारायचं, दुसऱ्याने बघून सांगायचं.

आमच्या घरात हेच चालायचं. निघताना मी विचारायचो, गॅस बंद केला का? छाया जागेवरून न उठता म्हणायची, पाहिलं. वीस वर्षं मी त्या एका शब्दावर कुलूप लावलं. तिने खरंच पाहिलेलं असायचं.

१२ डिसेंबर

आज एकटा उडालो. सर काठावर उभे. वरून द्राक्षबागा, रस्ता, पलीकडे डोंगर. छायाला दाखवायचं होतं ते सगळं. उतरताना सवयीने विचारलं, चाकं?

पाहिलं.

उजवीकडून. हळू, पण स्वच्छ. मी आरशात बघितलं नाही, सीटकडे बघितलं. सीट रिकामी होती. उतरणं इतकं अलगद झालं की सरांनी काठावरून हात वर केला. इंजिन बंद करून पाण्याच्या मधोमध मी लहान मुलासारखा रडलो. आनंदानेच रडलो, तेही लिहून ठेवतो.

१४ डिसेंबर

रोज येतं उत्तर. मी विचारतो, ती सांगते. आता मी आरशाकडे बघतही नाही, बघितलं तर तिला वाईट वाटेल. काठावर आल्यावर सरांनी विचारलं, आरशात बघता ना. मी हो म्हटलं. उजव्या सीटचा पट्टा उतरल्यावर लावलेला सापडतो. सीट ओली असते. असू दे.

१७ डिसेंबर

जळक्या वायरचा वास. विमानात, उजवीकडे. सरांनी पूर्ण वायरिंग उघडून पाहिलं, काही नाही.

भागीबाईने आज वाढताना विचारलं, इमानात रोज कोन बसतं तुमच्या शेजारी. मी म्हटलं, माझी बायको. ती म्हणाली, बाई नाय हाय दादा, मी काठावरनं पायते, बाप्या हाय, तुमच्याच येवढा. मला जेवण गेलं नाही.

१९ डिसेंबर

कुणाला सांगितलं नाही ते लिहितो.

शेततळ्यातली मोटर शेवाळाने अडकली होती. छाया कमरेएवढ्या पाण्यात उतरली. तिथून तिने हाक मारून विचारलं, मेन बंद केला का? मी शेडमध्ये होतो. हातात मोबाईल. मान वर न करता म्हणालो, पाहिलं.

पाहिलं नव्हतं.

सगळ्यांना वाटतं, मेन चालू आहे हे विसरून तिनेच मोटरला हात घातला. मीनाही तेच मानते. आमची एकुलती एक पोर, आईला वेंधळी म्हणून रडते, आणि मी तिला रडू देतो.

आज ते उत्तर नीट ऐकलं. तो छायाचा आवाज नाही. तो सूर माझा आहे. मान खाली घालून बोललेला. एवढे दिवस मी तिला भेटतोय म्हणून—

ती आलीच नव्हती.

२० डिसेंबर

सरांना म्हटलं, विमान विकतो. त्यांना वाटलं, भीती वाटतेय, जाईल. मीना उद्या येणार, आईच्या सीटवर बसायचंय तिला. फोनवर नको म्हटलं तर रडायला लागली. आईचं एवढंच राहिलंय, बाबा.

नेतो. पाण्यावर सांगेन सगळं. आरसा मी स्वतः बघेन— स्वतः.

२१ डिसेंबर, रविवार

पाण्यावर आहोत. लिहितोय.

बघायचं विसरलो. विचारलं, चाकं? उत्तर आलं, पाहिलं. मीना बोललीच नव्हती. ती आरशात बघत होती— बाबा, चाकं खाली दिसतायत— पाण्यापासून हातभर वरून उचललं. फिरून आलो. चाकं वर घेतली, मी पाहिली, तिने पाहिली. उतरलो.

पोर हसतेय. आई असती तर ओरडली असती तुम्हाला, म्हणाली.

काठाकडे नेताना मासे धरायच्या जाळ्याचा तुकडा वाऱ्याने उडून पंख्यात गेला. इंजिन आचके देऊन आपोआप बंद पडलं. मी काढते म्हणाली, चढली वर. आईवरच गेलीय, थांबत नाही.

तिला सांगायचं होतं. तोंडातून निघेना, म्हणून आधी इथे— ती खाली आली की वहीच देईन हातात. मीना, तुझी आई वेंधळी नव्हती. मी—

सीट ओली झाली. आत्ता. वास—

मीना वरून विचारतेय. बाबा, चावी काढली का?

पाहिलं.

मी नाही बोललो. माझाच आवाज— ती बरं म्हणाली— मी ओरडतोय, आवाज फुटत नाही— तेव्हा मोबाईल होता, आज ही वही— खिशात नाही, चावी समोर, चालू— हात उचलत नाही, फक्त लिहितोय— मीना पातीला हात ला