जाड तळाचा डावा बूट

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा बूट शिवणे, आज पूर्ण शुद्धीत आहे. कोणाच्या धाकात नाही आणि कोणी मला काही पाजलेले नाही. सकाळचे औषध तेवढे घेतले आहे, त्याने झोप येते, अक्कल जात नाही. प्रभूने दिलेले आयुष्य संपत आले आहे असे डॉक्टरांनी सांगितले. उरलेले महिने त्यांनी बोटांवर मोजले आणि त्यांना एकच हात पुरला. माझ्यामागे कोणात वाद होऊ नये म्हणून हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधी असे काही लिहिलेले नाही. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, तेव्हा भाषेची चूक दिसली तर ती चूकच समजावी, तिच्यातून वेगळा अर्थ काढू नये. कलमे कशी पाडायची ते शेजारच्या निवृत्त वकिलांनी सांगितले. त्यांना आमची सगळी गल्ली काका म्हणते.

कलम एक. दुकानामागच्या दोन खोल्या, त्यांतील सामान आणि बँकेत जे काही असेल ते, सर्व माझ्या पत्नीचे. त्यात दुसऱ्या कोणाचा हिस्सा नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी बसत नाही, वारा आला की खडखडते. चार वर्षे मी "उद्या बसवतो" म्हणत आलो. नवी कडी आणलेली आहे, कपाटाच्या वरच्या फळीवर कागदात आहे. सुताराला बोलवून बसवून घ्यावी.

कलम दोन. दुकान, शिवणयंत्र, ऐरण, रापी आणि तिन्ही आऱ्या माझ्याकडे नऊ वर्षे शिवणीला असलेल्या ताईंना द्याव्यात. त्यांचा टाका माझ्यापेक्षा सरळ आहे, हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहितो. आमच्याकडे बहुतेक गिऱ्हाईक दवाखान्याची चिठ्ठी घेऊन येते: कोणाचा पाय लहानपणीच्या तापाने वाळलेला, कोणाचा भाजलेला, कोणाची बोटे साखरेच्या आजाराने गेलेली. अशा माणसाचे माप उभ्याने वाकून घेऊ नये. त्याला खुर्चीवर बसवावे आणि आपण खाली गुडघ्यावर बसावे. मी देवळात जितका गुडघ्यावर बसलो असेन त्याच्या कितीतरी पट दुकानात बसलो. लांब प्रार्थना मला कधी जमली नाही. पाय हातात घेतला की त्या माणसाचे नाव मनात घ्यायचो आणि प्रभूला म्हणायचो, हा बघ. एवढेच. ताईंनी हे करावेच असे बंधन नाही, पण करून बघावे.

भिंतीवर लाकडी फर्मे, म्हणजे पायाच्या मापाचे साचे, टांगलेले आहेत, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा एकेक जोड. जे वारले त्यांचेही आहेत. ते जाळू नयेत. सर्वांत वरच्या खुंटीला फडक्यात बांधलेला लहान जोड माझ्या मुलीचा आहे. तो दफनाच्या पेटीत, माझ्याजवळ ठेवावा.

कलम तीन. माझी लांब शिडी थोरल्या भावाकडे अकरा वर्षे आहे. मागायला गेलो की म्हणतो, "तुझी शिडी? अरे, तू जन्मभर जमिनीवर बसून काम करणारा. तुला चढायचंय कुठे?" आता चढायची वेळ आली आहे, पण तिथे शिडी लागत नाही. तेव्हा ती त्यालाच द्यावी. मात्र नेण्याआधी, म्हणजे ती त्याच्याकडेच आहे हे खरे, पण तरीही, ती माझी होती असे त्याने वहिनीसमोर एकदा तोंडाने म्हणावे.

कलम चार. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा उजवा बूट प्रभुभोजनाच्या वेळी, भाकर वाटताना, कुरकुरतो. मी दोनदा सांगितले. ते म्हणाले, "मला तर काही ऐकू येत नाही." उभ्या माणसाला येत नसेल, गुडघे टेकलेल्यांना येते. ताईंनी तो मागून घ्यावा आणि तळातला पोलादी पत्रा बदलून द्यावा. पैसे घेऊ नयेत.

कलम पाच. माझे दफन साधे करावे. भाषण नको. प्रभूने शिकवलेली प्रार्थना तेवढी सर्वांनी मिळून म्हणावी आणि सगळी म्हणावी. असे लिहिण्याचे कारण आहे. त्या प्रार्थनेत एक ओळ आहे, जिथे आपण दुसऱ्याला सोडले, म्हणजे माफ केले, तसे आम्हालाही सोड असे मागायचे असते. गेली सात वर्षे मी त्या ओळीला गप्प राहिलो. आधीच्या ओळी म्हणायचो, तिथे तोंड मिटायचो, पुढच्या ओळीला पुन्हा सुरू करायचो. पत्नीला ते पहिल्याच रविवारी कळले. तिने विचारले नाही. ती ओळ मात्र ती जरा मोठ्याने म्हणू लागली.

सात वर्षांपूर्वी, शाळेच्या वेळेला, पावाची गाडी आमच्या गल्लीच्या उतारावर मागे येत होती. माझी मुलगी रस्त्यात वाकलेली होती. ती नऊ वर्षांची होती. धक्का लागला तसा चालक हातब्रेक न ओढताच खाली उडी मारून मागे धावला आणि तीच गाडी उतारावरून घरंगळत त्याच्या डाव्या पायावर आली. पाय वाचला, दीड इंच आखूड झाला. चौकशीत त्याची चूक निघाली नाही. मूल वाकलेले होते, आरशात दिसणे शक्य नव्हते, असे लिहिले गेले. मूल का वाकले होते हे कोणी विचारले नाही. चालक आमच्याच देवळात येतो, दोन बाकडी मागे बसतो. त्या ओळीला मी गप्प झालो की मागून त्याचा आवाज येई.

गावात आखूड पायाचा बूट करणारा मी एकटा. तो माझ्याकडे कधी आला नाही आणि मीही बोलावले नाही. बाजारचेच बूट घालून तो डाव्या चवड्यावर चालतो. दिवसातून दोनदा दुकानावरून जातो, एक पाऊल जड, एक हलके. त्याची आई त्याचे फाटके बूट दुरुस्तीला आणायची. ताई शिवायच्या, मी हात लावत नसे. पण बघायचो. झिजलेला तळ बघितला की मला पाय दिसतो, तो बघायचा नाही म्हटले तरी दिसतो.

कलम सहा. कपाटाच्या खालच्या खणात तपकिरी कागदात एक पुरुषी जोड आहे. डाव्या बुटाचा तळ दीड इंच जाड आहे, आतून बुचाचा, म्हणून वजन वाटणार नाही. हा जोड माझ्या मृत्यूनंतर, दफन झाल्यावर, त्याआधी नव्हे, पत्नीने पावाच्या गाडीच्या चालकाला द्यावा. कारण सांगू नये.

(कलम सहा मी आज माझ्या हाताने खोडले आहे. वाचता येईल असेच खोडले आहे. समासात माझी व दोन्ही साक्षीदारांची लघुस्वाक्षरी आहे.)

कलम सात. वरील कलम का खोडले ते लिहून ठेवतो.

पहिली सहा कलमे लिहून झाल्यावर काकांना दाखवली. ते म्हणाले, "ठीक आहे. आता दोन साक्षीदार लागतील. एक मी होतो."

"दुसरा भाऊ करेल," मी म्हणालो.

"त्याला शिडी मिळते आहे ना? मग तो नको. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्ष केली तर साक्ष टिकते, पण त्याचं मिळणं जातं."

"पाळकसाहेब?"

काकांनी चष्मा वर केला. "अरे, तू त्यांनाही बूट दुरुस्त करून दिलास. उगीच वाद नको. अख्ख्या गावाला काही ना काही देऊन ठेवलंस, आता साक्षीला आणू कोणाला?"

पत्नी कागद घेऊन दाराशी वाचत उभी होती. सहाव्या कलमाला ती थांबली.

"दफन झाल्यावर, त्याआधी नव्हे," तिने मोठ्याने वाचले. "म्हणजे तुम्ही मातीखाली जाऊन सुटणार, आणि मी त्याच्या दारात पुडकं घेऊन उभी राहणार. कारण सांगू नये म्हणे! तो विचारेल तेव्हा काय सांगू?"

"त्याला कळेल."

"काय कळेल? की हा माणूस जिवंत होता तोवर त्याला आपलं तोंड बघवत नव्हतं, हे? ते त्याला सात वर्षं कळतंच आहे." मग ती काकांकडे वळली. "काका, बूट आत्ताच दिले, तर तो साक्षीदार चालेल का?"

काका म्हणाले, "जिवंतपणी दिलेली वस्तू मृत्युपत्रात येत नाही. कलम खोडलं की चालेल."

"मग खोडा," पत्नी म्हणाली.

मला दहा दिवस लागले. बूट तयार होते, हात तयार नव्हता. शेवटी ताईंनी निरोप दिला आणि आज दुपारी पावाची फेरी संपवून तो आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"बोलावलंत, दादा?"

"बस," मी म्हणालो.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. मी खाली बसलो. आता एकट्याने गुडघ्यावर बसता येत नाही, ताईंनी धरले. मी त्याचा डावा पाय हातात घेतला. सात वर्षे तो पाय मला पाठ होता, पण तो गरम असेल हे कधी मनात आले नव्हते. बूट चढवला. वाद्या ओढल्या. मग मी जे कोणालाच सांगितले नव्हते ते माझ्या तोंडून गेले, त्याच्या पायाकडे बघतच. त्या सकाळी मुलीच्या बुटाची वादी तुटलेली होती. तीन दिवस तुटलेली होती. ती म्हणाली होती, "बाबा, सुतळीने बांधू? चालेल?" मी दुसऱ्यांचे बूट शिवत होतो. मी म्हणालो, "चालेल, उद्या शिवतो." तीच सुतळी बांधायला ती रस्त्यात वाकली असणार. बूट मला परत मिळाला तेव्हा त्याला सुतळी नव्हती, म्हणून कोणाला कळले नाही, आणि मीही कळू दिले नाही.

त्याने वाकून नव्या बुटाच्या वादीला बोट लावले. मग म्हणाला, "सुतळी मी काढली, दादा."

मी वर बघितले.

"माझा पाय चाकाखाली होता. लोक येईपर्यंत मी तिच्या शेजारीच पडलो होतो. ती गेली होती. दुसरं काही करता येत नव्हतं. बूट शिवणाऱ्याच्या मुलीच्या बुटाला सुतळी, लोक काय काय बोलले असते. वहिनींच्या नजरेला पडायला नको, म्हणून सोडली आणि खिशात टाकली."

"चौकशीत सांगायचं होतंस. तुझ्याच फायद्याचं होतं."

"काय सांगायचं, दादा?"

पत्नी मधल्या दारात होती. तिने सगळे ऐकले. ती आत गेली. आतून खिडकीची कडी खडखडत राहिली, वारा नसताना. मला उठता येत नव्हते. तो उठू बघत होता, मी त्याचा पाय धरून ठेवला होता, का ते माहीत नाही. ती बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. तिने माझ्याकडे बघितले नाही. त्याला विचारले, "ती सुतळी आहे अजून?"

"आहे, वहिनी. गाडीत, आरशाला बांधली आहे."

"राहू दे तिथेच," ती म्हणाली.

क्षमा केली असे मी त्याला म्हणालो नाही. या कागदातही लिहीत नाही, कारण आमच्यात ती कोणी कोणाला करायची हे मला आता सांगता येत नाही. मी इतकेच विचारले, "टाचेला लागतंय का?" तो उभा राहिला, दुकानात चार पावले चालला. दोन्ही पावलांचा आवाज सारखा आला. म्हणाला, "नाही लागत."

काका आले. सही करण्याआधी पत्नी म्हणाली, प्रार्थना म्हणू. ती, तो आणि मी म्हणू लागलो. त्या ओळीपाशी मी सवयीने थांबलो. ते दोघेही थांबले. पुढे गेले नाहीत, माझ्यासाठी थांबून राहिले. बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले, ते सगळे ऐकू आले. मग मी ती ओळ म्हटली.

पत्नी माझ्याशी अजून बोललेली नाही. जेवणाचे ताट आणून ठेवले, पाण्याचा पेला उजव्या हाताला ठेवला, औषधाची गोळी मोडून दिली. वादी तुटलेली होती हे मी तिला सात वर्षे सांगितले नाही, तेव्हा तिला लागेल तितका वेळ तिने घ्यावा. माझ्याकडे तो आहे की नाही हे प्रभूला माहीत. तिने बोलण्याआधी मी गेलो, तर मी वाट बघत होतो एवढे तिला या कागदातून कळावे.

कलम एकमधील कडीसाठी सुताराला बोलवू नये. ती मी उद्या नव्हे, आजच बसवतो. चालक बाहेर गेलेला नाही, तो खुर्ची धरेल.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी काकांनी करावी. वर लिहिलेले सर्व मी वाचले आहे, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आहे, आणि आम्ही तिघांनी एकमेकांच्या समोर सह्या केल्या आहेत. माझी सही आता नीट उमटत नाही. ती माझीच आहे.

सही: (मृत्युपत्र करणारा)

साक्षीदार एक, सही: निवृत्त वकील, राहणार शेजारी.

साक्षीदार दोन, सही: पावाच्या गाडीचा चालक, राहणार याच गल्लीच्या खालच्या टोकाला. यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, हे काकांनी तपासले आहे.

ठिकाण: दुकानाची पुढची खोली.
दिनांक: १४ मार्च, गुरुवार, दिवेलागणीआधी.