पाळण्यातला सोन्याचा साप

मेलित्ताताई, तुझी मिर्तो अथेन्सला सुखरूप पोचली. तुझे गुडघे कसे आहेत?

नात झाली, लोण्याचा गोळा! पण मला तोंड दाखवायला जागा नाही गं. पाळण्यात साप दिसला. मी किंचाळत बाळाला उचललं आणि साप पळीनं ठेचला. तो निघाला सोन्याचा! इथं तान्ह्या बाळाच्या राखणीला तसा साप ठेवतात म्हणे. बिचाऱ्या सापाचं डोकं पार चपटं झालं.

सगळे पाहुणे हसले. मी कोपऱ्यात बसले, बाळाला पुन्हा मागायचीही लाज वाटली. शेवटी लेकीची सासूच आली आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, ‘‘घ्या विहीणबाई, राखणदार मारलात, आता राखण तुम्हीच करा!’’

तिकडे आपल्या नाक्सोस बेटावर कुणाला सांगू नकोस. शेळी व्याली का?

बाळ मांडीवर झोपलंय, म्हणून पत्र इथंच थांबवते.

तुझी मिर्तो