मुळीबिगर येल

माय,

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. पालीच्या आपल्या जमिनीच्या तुकड्यात मी पुन्हा रताळ्याच्या वेलांचे वाफे केलेत. शेतकीची पदवी घेऊन आले तेव्हा चुलती म्हणाली, "लई शिकलीस, अन् आली खुरप्यावरच!" गल्लीतल्या बायकांना लावणीसाठी निरोगी वेल द्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. शिवरात्रीच्या बाजाराला रताळी निघायची तर लावण याच आठवड्यात व्हायला हवी. आणि नेमकं वाफ्यात लव्हाळ्याचं तण निघालं.

मला तो दिवस आठवला. मी चौथीत आहे. तासाभरात वाफ्यातलं सगळं तण ओरबाडून मी तुला हाक मारते. तू वाफ्याशी येऊन म्हणतेस, "केस भादरलेस गं, डोकं तसंच हाय!" मग खुरप्याचं टोक खोल घालून लव्हाळ्याची काळी गाठ काढतेस आणि माझ्या तळहातावर ठेवतेस. "ही ऱ्हायली की समदं ऱ्हायलं." तो वाफा तू मला पहिल्यापासून खुरपायला लावलास. मला फार राग आला होता.

या वेळी सगळ्या गाठी निघाल्या नाहीत. तणनाशक मारावं तर कोवळा वेलही होरपळणार. म्हणून ठरवलं, वेल उपटून द्यायचाच नाही, जमिनीच्या चार बोटं वरून कापून द्यायचा. मुळाला माती नाही, तर गाठही कुणाच्या रानात जाणार नाही. बायका ऐकेनात. शेजारची काकू म्हणाली, "मुळीबिगर येल जगतो व्हय? कालेजात कातरकामच शिकवलं का गं?" सगळ्या हसल्या. आठवड्यापूर्वी असेच कापून लावलेले वेलाचे तुकडे मी दाखवले. त्यांना पालवी फुटलेली, तरी काकूचा हात उपटायलाच वाकला. मी वाफ्यात तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "मायनं जाताना मला सांगितलंय, येल कापूनच देत जा." काकू थांबली. "मग आदी सांगायचं न्हाई का!" म्हणून तिनं विळा मागितला. दुपारपर्यंत तीन वाफे कापून झाले. आता राहिलेल्या गाठी मी रोज थोड्या थोड्या खणणार आहे, पुढच्या लावणीपर्यंत एकही ठेवणार नाही.

तू असं कधीच सांगितलं नव्हतंस, माय. तू वेल मुळासकट द्यायचीस, वाळू नये म्हणून मुळांवर याच वाफ्यातल्या ओल्या मातीचा गोळा थापून. काकूच्या रानातही लव्हाळा माजलाय; तो कुठून आला, ते मला आता कळतं. तिला मात्र मी ते सांगितलेलं नाही.